पाचवीची रात्र आणि धनुर्वाताची सुई

एखादे दुःख जन्मभर वाट्याला आले की ते 'पाचवीला पुजलेले' आहे, असे मराठी माणूस म्हणतो. दारिद्र्य पाचवीला पुजलेले असते, दुष्काळही असतो. हा वाक्प्रचार वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे, की त्यामागची रात्र आता आपल्याला दिसेनाशी झाली आहे. मूल जन्मल्यानंतरची ती पाचवी रात्र. बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडायचा, दिवा तेवत ठेवायचा, कुठे विळा किंवा सुरी ठेवायची, कुठे कोरा कागद आणि लेखणी, आणि घरातल्या बायकांनी जागरण करायचे. पाचव्या नाहीतर सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, ही त्यामागची श्रद्धा. बारसे होते ते बाराव्या दिवशी. म्हणजे आमच्या परंपरेत मूल आधी जगून दाखवते आणि मग त्याला नाव मिळते.

या जागरणात देवीचे स्वागत किती आणि पहारा किती, हा प्रश्न लोकसाहित्याच्या वर्गात विचारण्याजोगा आहे. आम्हांला त्यात पहारा अधिक दिसतो. सगळा विधी एकाच आजारातून जन्मला, असे आम्ही म्हणणार नाही. अर्भकांच्या मृत्यूची कारणे अनेक होती आणि विधी इतक्या सरळ रेषेत जन्मत नाहीत. पण जन्मानंतरच्या चौथ्या ते चौदाव्या दिवसांत घाला घालणारा एक आजार खरोखरच होता, आणि ते दिवस जगभरच्या लोकांनी मोजून ठेवले होते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक समुद्रात सेंट किल्डा नावाचे बेट आहे. तिथे त्याला 'आठ दिवसांचा आजार' म्हणत. स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिन अमेरिकेत तो 'सात दिवसांचा रोग' होता. चीनमधले त्याचे एक जुने नाव 'चार-सहाचा वारा' असे आहे. चौथ्या ते सहाव्या दिवशी येणारा वारा. आपल्याकडेही या रोगाच्या नावात वारा आहेच. आपण त्याला धनुर्वात म्हणतो.

नवजात अर्भकाच्या धनुर्वाताचे रूप असे : मूल जन्मते तेव्हा धडधाकट असते, रडते, दूध पिते. दोन-तीन दिवस सारे सुरळीत चालते. मग एके दिवशी ते अंगावर ओढेनासे होते. ओठ आवळले जातात, जबडा मिटतो, मुठी वळतात, आणि थोड्याशा आवाजाने किंवा स्पर्शानेही शरीर मागे कमानीसारखे ताणले जाते. उपचार न मिळालेली जवळजवळ सगळी मुले यात दगावत. चांगले पिणारे मूल एकाएकी पिणे सोडते, याचा अर्थ घरच्यांनी दृष्ट, बाधा, सटवाईचा कोप असा लावला तर त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण नाळ कापल्याचा दिवस आणि मूल ताठरल्याचा दिवस यांत इतके अंतर पडते, की त्या दोहोंचा संबंध नुसत्या डोळ्यांना दिसण्यासारखाच नव्हता.

तरीही जुन्या वैद्यांना यातले काही दिसले होते. सुश्रुतसंहितेत धनुष्याप्रमाणे शरीर वाकवणाऱ्या वाताला 'धनुःस्तंभ' म्हटले आहे आणि त्याला आक्षेपक-अपतानकांच्या गटात ठेवले आहे. गर्भपातामुळे, अतिरक्तस्रावामुळे किंवा जखमेमुळे झालेला अपतानक बरा होत नाही, असा स्पष्ट इशाराही तिथे आहे. रणांगणावर जखमी झालेला पुरुष आणि गर्भ गळालेली स्त्री, दोघेही त्या एकाच वाक्यात येतात. प्रसूती हीदेखील एक जखम आहे आणि कापलेली नाळ ही अर्भकाची पहिली जखम आहे, ही जाणीव जवळपास हाताशी आली होती, असे म्हणावेसे वाटते. पुढची पायरी चढायला मात्र एकोणिसावे शतक सरत यावे लागले.

१८८४ साली आर्थर निकोलायर या जर्मन वैद्यकाने मातीतून धनुर्वात निर्माण करता येतो, हे प्राण्यांवर दाखवले. १८८९ मध्ये शिबासाबुरो कितासातो याने त्याचा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवला, आणि १८९० मध्ये कितासातो आणि एमिल फॉन बेहरिंग यांनी त्याच्या विषावरचा उतारा रक्तात तयार होतो, हे सिद्ध केले. १९२० च्या दशकात गास्तोँ रामोँ याने फ्रान्समध्ये विषाची मारकशक्ती काढून घेऊन त्याची लस करण्याची रीत बसवली. दुसऱ्या महायुद्धात लाखो सैनिकांना ती टोचली गेली. इथे थोडे थांबावे. धनुर्वाताची लस आधी सैनिकाच्या दंडात गेली. आईच्या दंडात जायला आणखी काही दशके जावी लागली. लोखंडाने होणारी जखम ही वैद्यकाला जखम वाटत होती, विळीने कापलेली नाळ वाटत नव्हती. आपल्याकडे आजही पायात खिळा घुसला की 'टीटी घेतलंस का?' असे कुणीही विचारते. गर्भारपणातली टीटीही तीच, पण त्या दोन सुयांचे नाते फार थोड्यांच्या मनात असते.

आईला लस दिली तर मूल वाचते, या कल्पनेचा पुरावा मिळाला तो युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांत नव्हे, तर दूरच्या खेड्यांत. न्यू गिनीतील माप्रिक भागात केलेल्या कामाचे निष्कर्ष स्कोफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. १९६६ मध्ये कोलंबियाच्या ग्रामीण भागातला न्यूएल आणि सहकाऱ्यांचा प्रयोग छापून आला. दोन किंवा अधिक डोस घेतलेल्या मातांच्या बाळांपैकी एकही धनुर्वाताने दगावले नाही. तिसरी कथा बांगलादेशातल्या मतलबची, आणि ती काहीशी विलक्षण आहे. १९७४ साली तिथे कॉलऱ्याच्या एका लसीची चाचणी झाली. तुलनेसाठी निम्म्या लोकांना कॉलऱ्याऐवजी धनुर्वात-घटसर्पाची लस दिली गेली. कॉलऱ्याची ती लस फारशी उपयोगी ठरली नाही. पण पुढे जेव्हा त्या बायकांच्या बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा तुलनेसाठी टोचलेल्या गटातली मुले अधिक संख्येने जगल्याचे दिसले. संशोधकांनी या फरकाचे माप म्हणून चौथ्या ते चौदाव्या दिवसांतले मृत्यू मोजले होते. पाचवीपासून बारशाच्या थोड्या पुढपर्यंतचे हे दिवस. आजीच्या दिनदर्शिकेतले आणि संख्याशास्त्रज्ञाच्या तक्त्यातले दिवस असे एकमेकांवर येऊन पडावेत, याचे आम्हांला नवल वाटते.

आता या आजाराचा एक विशेष सांगितल्याशिवाय पुढची कथा कळायची नाही. धनुर्वात एकाकडून दुसऱ्याला होत नाही. देवी, गोवर, पोलिओ हे माणसामाणसांतून फिरणारे रोग. गावातल्या बहुतेकांनी लस घेतली तर न घेतलेला एखादा शेजाऱ्यांच्या पुण्याईवर सुरक्षित राहतो. धनुर्वाताच्या जंतूची बीजे मात्र मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. ती तिथे कायमची राहणार आहेत. पंचक्रोशीतल्या नव्याण्णव बायकांनी लस घेतली आणि शंभरावी राहिली, तर तिच्या बाळाला त्या नव्याण्णवांचा काडीइतकाही आधार नाही. म्हणूनच देवीचे जसे जगातून उच्चाटन झाले तसे धनुर्वाताचे होऊ शकत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्यासाठी वेगळी व्याख्या केली : प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे वर्षाला एकाहून कमी नवजात रुग्ण राहिले, की रोगाचे 'निर्मूलन' झाले असे समजायचे. या लसीला उधारी चालत नाही. प्रत्येक बाईपर्यंत वेगळे जावे लागते आणि तिने स्वतः दंड पुढे करावा लागतो. त्यामुळे किती गर्भवतींनी ही लस घेतली हा आकडा वैद्यकीय राहत नाही. समाजाने कोणत्या बाईला मोजले आणि कोणत्या बाईने समाजावर भरवसा ठेवला, याची ती नोंद होते.

भरवशाची ही कथा भारतात फार अडखळत सुरू झाली, आणि तिच्या आरंभीच लस आणि धनुर्वात यांची एक दुर्दैवी गाठ पडलेली आहे. प्लेगवर लस शोधणारे वाल्देमार हाफकिन १८९६ मध्ये मुंबईत आले. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिथली लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी ही लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली गेली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनना पदावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट नंतर पुढे आली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि अखेर ते दोषमुक्त झाले. मातीला लागलेल्या चिमट्याने एकोणीस माणसे मेली आणि एका शास्त्रज्ञाचे आयुष्य विसकटले. लशीची बाटली कितीही निर्दोष असली तरी ती उघडणारा हात आणि त्या हाताखालची जमीन यांचाही लशीत भाग असतो, हे मलकोवालने शिकवले.

हा हात कुणाचा, हाच प्रश्न पुढे मातांच्या लसीबाबतही निर्णायक ठरला. भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि त्यात गर्भवतींना धनुर्वाताची लस देण्याचा समावेश होता. या सालाच्या अगोदर काय घडले होते ते आठवावे. जून १९७५ ते मार्च १९७७ हा आणीबाणीचा काळ. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. अशा दिवसांनंतर वर्षा-दोन वर्षांतच सरकारी नर्सबाई गर्भारशीच्या दारात सुई घेऊन उभी राहिली. ती येण्याचे कारण चांगले होते, पण घराला ती ज्या खात्याची म्हणून ठाऊक होती ते खाते कुटुंबनियोजनाचे होते. पुढेही कितीतरी वर्षे त्याच नर्सबाईला नसबंदीचे उद्दिष्ट ठरवून दिलेले असे आणि तिची नोकरी त्या आकड्यावर तोलली जाई. ही उद्दिष्टे एप्रिल १९९६ मध्ये रद्द झाली. एकाच पिशवीत दोन हेतू घेऊन आलेल्या बाईकडे सासूने संशयाने पाहिले असेल, तर त्या संशयाला अज्ञान म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते. त्या सासूला नर्सबाईच्या खात्याची आठवण होती.

संशयाला आणखी एक धागा मिळाला, तोही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. गर्भारपणात स्रवणाऱ्या एका संप्रेरकाविरुद्ध शरीरात प्रतिकार निर्माण करून गर्भधारणा टाळता येईल का, असे संशोधन १९७० च्या दशकापासून चालू होते. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेचे डॉ. जी. पी. तलवार त्यातले अग्रणी. ते संप्रेरक एकटे दिले तर शरीर त्याची दखल घेत नाही; म्हणून त्याला वाहक म्हणून जे जोडले गेले त्यांत धनुर्वाताचे निर्विष केलेले विषही होते. ही लस वेगळी होती, मोजक्या स्त्रियांना त्यांच्या संमतीने चाचणीत दिली गेली होती, आणि गर्भवतींच्या धनुर्वात-लसीशी तिचा संबंध नव्हता. पण 'धनुर्वाताची लस' आणि 'वंध्यत्व' हे दोन शब्द एका वाक्यात आले आणि ते वाक्य जगभर फिरले. १९९० च्या दशकाच्या मध्यास मेक्सिको आणि फिलिपिन्समध्ये ही आवई उठली. फिलिपिन्समध्ये १९९५ साली न्यायालयाच्या मनाई-हुकुमाने मोहीम काही काळ थांबली. २०१४ मध्ये केनियात तिथल्या कॅथलिक धर्मगुरूंनी तोच आरोप पुन्हा केला. अफवेचे व्याकरण असे असते. तिच्यातला एखादा शब्द खरा असतो आणि संबंध खोटा. शब्द खरा म्हणून ती टिकते. तिला खोडून काढायला शास्त्र पुरत नाही, कारण ऐकणाऱ्याचा मूळ प्रश्न शास्त्राचा नसतो. तो विचारत असतो, माझ्या बाईचे मूल वाचावे असे तुम्हांला आजच का वाटू लागले?

इतके सारे असूनही भारतातल्या बायकांनी ही लस घेतली, आणि फार मोठ्या संख्येने घेतली. आकडे बोलके आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, सुमारे ५४ टक्के बाळंतपणांत मातेला दोन किंवा अधिक डोस मिळाले होते. १९९८-९९ मध्ये हे प्रमाण ६७ टक्के आणि २००५-०६ मध्ये ७६ टक्के झाले. पूर्वीचे डोस धरून संरक्षण मोजण्याची रीत आल्यावर २०१५-१६ मध्ये ते ८९ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ९२ टक्के दिसले. त्याच काळात रुग्णालयांतल्या प्रसूती २६ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेल्या. देशात एकेकाळी दरवर्षी दीड ते दोन लाख नवजात अर्भकांना धनुर्वात होत असे. २००३ मध्ये आंध्र प्रदेश हे निर्मूलनाची कसोटी पार करणारे पहिले राज्य ठरले, २०१५ च्या एप्रिलात नागालँड हे शेवटचे, आणि त्याच वर्षी भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. जगभरात १९८८ साली या आजाराने सुमारे ७,८७,००० अर्भके मेली असा अंदाज होता. २०१८ साली तो २५,००० वर आला.

हे कसे घडले? 'जंतूंविषयीचे ज्ञान पसरले' हे उत्तर पाठ्यपुस्तकी आहे आणि ते अर्धेच खरे आहे. आईचे शिक्षण वाढले की लस घेण्याचे प्रमाण वाढते, हे पाहण्यांत सातत्याने दिसते. पण शिक्षण म्हणजे जीवशास्त्राचा धडा नव्हे. शाळेत गेलेल्या मुलीला आरोग्य केंद्राच्या दारातून आत जायला संकोच वाटत नाही, कार्डावरची तारीख वाचता येते, सासूला 'मी जाऊन येते' असे सांगता येते. घर आणि केंद्र यांतले अंतर, हातातला पैसा, किती वेळा तपासणीला गेली, कितवे बाळंतपण, घरात निर्णय कुणाचा, या साऱ्यांचा परिणाम होतो. आणि या सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे : सुई आणणारी बाई ओळखीची आहे की परकी.

महाराष्ट्राला हे ठाऊक व्हायला हवे होते, कारण त्याचा एक मोठा प्रयोग इथेच झाला. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. पुष्कळशा निरक्षर होत्या, त्यांत दलित स्त्रियाही होत्या. त्यांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांनी आपापल्या गावात परत पाठवले. तिथे लस घेऊन येणारे 'खाते' उरले नाही. समोर शेजारीण होती, आणि तिचे स्वतःचे बाळंतपण साऱ्या गावाला ठाऊक होते. हीच कल्पना देशाच्या पातळीवर यायला २००५ साल उजाडले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्ती आली आणि गावोगाव 'आशाताई' हे नाते रूढ झाले. 'नर्सबाई' ते 'आशाताई' हा शब्दांचा प्रवास भाषेच्या अभ्यासकांनी दुर्लक्षू नये. बाई बाहेरून येते, ताई घरातली असते.

दुसरी गोष्ट वेळेची. ही सुई यशस्वी झाली ती गर्भारपणाच्या आधीच ठरलेल्या क्रमात जाऊन बसली म्हणून. आमच्या समाजात दिवस गेलेल्या बाईचे महिने पूर्वीपासून मोजलेले होते : चोरओटी, डोहाळे, ओटीभरण, माहेरी जाणे. त्या मालिकेत 'पहिलं इंजेक्शन' आणि 'दुसरं इंजेक्शन' या आणखी दोन पायऱ्या आल्या. ते कशासाठी, असे विचारले तर कितीतरी जणी 'बाळ चांगलं व्हावं म्हणून' एवढेच सांगतील. धनुर्वाताचे नाव घेणार नाहीत. आरोग्यशिक्षकाला ही उणीव वाटेल. पण पाचवी पुजणाऱ्या आजीचेही उत्तर नेमके हेच असते. नव्या सुईने जुन्या चालीरीतींशी भांडण मांडले नाही, त्यांच्या पंगतीत पाट मांडला. सेंट किल्डावरही काहीसे असेच घडले. तिथे निम्म्याहून अधिक अर्भके मरत. १८९० च्या सुमारास बेटावरचे धर्मोपदेशक अँगस फिडिस यांनी स्वच्छ प्रसूतीची रीत शिकून घेतली, ती बेटावर रुजवली आणि मृत्यू थांबले. लस यायची होती. पण दार उघडले गेले ते आतल्या माणसाने ठोठावले म्हणून.

तिसरी गोष्ट मात्र या यशाला बट्टा लावणारी आहे. ज्यांचा क्रम या क्रमात बसत नाही, त्या राहून जातात. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. पहिला डोस सासरच्या गावात पडला आणि दुसऱ्याच्या वेळी बाई माहेरी निघाली, तर कार्ड ट्रंकेत राहते आणि नोंद दोन्हीकडे अर्धी होते. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याला कारखान्याच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. त्या कोयत्यातली गर्भारशी सहा महिने फडावर असते. तिचे नाव गावच्या यादीत असते आणि ती मात्र तिथे नसते. सातपुड्यातल्या आणि मेळघाटातल्या पाड्यांवर पावसाळ्यात वाट तुटते. वर सांगितलेल्या ९२ टक्क्यांच्या पलीकडले आठ टक्के देशभर सारखे विखुरलेले नसतात. ते ठरावीक वस्त्यांत आणि ठरावीक घरांत साठलेले असतात. संसर्गजन्य रोगात त्यांना उरलेल्यांचा आडोसा मिळाला असता. धनुर्वातात तो मिळत नाही. नाळ कापायला जे हाताशी येईल ते, मग तो कोयताही असेल, आणि खाली माती.

अलीकडे या व्यवस्थेत एक महत्त्वाचा बदल झाला आहे. टीटीच्या जागी धनुर्वाताबरोबर घटसर्पाचेही संरक्षण देणारी टीडी लस आली आणि ती दहाव्या व सोळाव्या वर्षीही द्यायची आहे. म्हणजे मुलगी आई होण्याच्या आधीच सुरक्षित होऊ शकते. हा बदल केवळ तांत्रिक नाही. इतकी वर्षे बाईच्या देहाची दखल तिच्या पोटात कुणीतरी आहे म्हणून घेतली जात होती. लस तिला मिळे ती मुलासाठी. बाळंतपणातल्या, गर्भपातातल्या धनुर्वाताने ती स्वतःही मरत होती. सुश्रुताने ती नोंद करून ठेवली होती, पण मोहिमांच्या भित्तिपत्रांवर बहुधा बाळच असे. दहा वर्षांच्या मुलीला दिलेली सुई तिच्या स्वतःच्या जिवासाठी आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडण्याचे आमचे कारण एवढेच, की न घडलेल्या मृत्यूंना वाङ्मय नसते. प्लेगच्या आठवणी आपल्या आत्मचरित्रांत सापडतात, दुष्काळाच्या सापडतात. पाचव्या-सातव्या दिवशी गेलेल्या बिननावाच्या मुलांच्या नोंदी ओव्यांच्या, विधींच्या आणि एखाद्या वाक्प्रचाराच्या कडेला तेवढ्या उरल्या आहेत, आणि ज्या मुलांना ते मरण आले नाही त्यांच्या नोंदी तर कुठेच नाहीत. ती वाढली, शाळेत गेली, त्यांतली काही आज आमच्या वर्गांत बसली आहेत. 'पाचवीला पुजलेले' हे शब्द पुढच्या वेळी वर्गात आले, तर अर्थ सांगून पुढे जाण्याआधी त्या रात्रीच्या दिव्यापाशी क्षणभर थांबावे, आणि एक प्रश्नही विचारावा : आज, या घटकेला, कोणत्या फडावर, कोणत्या पाड्यावर एखाद्या बाईला ती रात्र अजूनही तशीच जागावी लागते आहे?